मुखेडहून जळकोटला, कुणी जात नाही त्या रस्त्याने

पुण्याच्या एका सायकल-सहलवाल्याने मला आणि माझ्या नणंदेला फसवलं. नांदेड ते लातूर, बालाघाटच्या डोंगरांतून पाच दिवसांचा निवांत रस्ता म्हणून त्याने जो रस्ता आम्हाला विकला, त्याचा एक तुकडा सुरुंग लावून दगड फोडणाऱ्या खाणीच्या तोंडासमोरून जातो. हे त्याने सांगितलं नाही. आपल्याला ते माहीतच नव्हतं, असं तो म्हणतो. माझ्या धंद्यात मालात काय आहे हे माहीत नसणारा आणि खोटं बोलणारा, दोघांना एकाच दारातून बाहेर काढतात.

त्या रस्त्यावर माझी नणंद मरता मरता वाचली. तिला उजव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. आणि तो रस्ता अजून विकला जातोय, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर मी लिहिणारी बाई नाही.

मी साताऱ्याच्या बाजारात आल्याची घाऊक विक्री करते. नवरा गेला तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आता स्वतःचा गाळा आहे. आल्याचा तुकडा मोडला की आवाजावरून सांगते, कुठल्या जमिनीतलं आणि किती दिवसांचं. बाजारात माझ्याशी घासाघीस करायला माणसं दोघं-दोघं येतात. राग माझ्या नाकावर असतो, हे मला मान्य आहे.

सायकलवर मला बसवलं ते वन्संनी. वन्सं म्हणजे शैलजा, माझ्या नवऱ्याची बहीण, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचं सांगितलं, त्याच आठवड्यात त्या जुनी सायकल घेऊन दारात आल्या. चार वर्षांत आम्ही दोघींनी कासपासून पाटणपर्यंत सगळे चढ पालथे घातले. पण आमच्याकडच्या घाटांत आता गाड्यांची रांग असते. वन्संना शांत रस्ता हवा होता. तो या पुण्याच्या गृहस्थाकडे मिळतो असं कळलं.

त्याच्या सहलीत रोज एक स्थानिक माणूस मोटरसायकलवर पुढे राहणार होता. मी ते कलम काढून तेवढे पैसे कमी करायला लावले. म्हटलं, रस्ता फोनमध्ये आहे, तुमच्या पुस्तिकेत आहे, वाटाड्या कशाला? तो एका शब्दात तयार झाला. इतक्या लवकर सोडणारा विक्रेता मी आयुष्यात पाहिला नव्हता. तरी मला शंका आली नाही. आपण जिंकलो या आनंदात माणूस आंधळा होतो, आणि त्या दिवशी मी होते.

नांदेड ते कंधार

नांदेड सोडलं तेव्हा उजाडत होतं. गोदावरीच्या पुलावर धुकं होतं आणि ट्रकचे दिवे त्यातून अंगावर येत होते. पहिला तास मोठ्या रस्त्याचा, त्याबद्दल काही लिहीत नाही. मग पुस्तिकेने आम्हाला बारक्या डांबरी रस्त्याला लावलं आणि अचानक सगळं थांबलं. काळी जमीन, हरभरा, तूर, मधे करडईचे काटेरी पट्टे. लांबवर डोंगर, पण आमच्यासारखे सुळके नाहीत. माथे सपाट, जसे कुणी सुरीने कापले आहेत. त्यांच्या अंगावर थर दिसतात, टोपलीत एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे. वन्सं चालत्या सायकलवरून शिकवू लागल्या. हा सगळा लाव्हा, एक थर आला, निवला, त्यावर दुसरा आला. साताऱ्याचा दगडही हाच, पण आपल्याकडे पाऊस जास्त, म्हणून तो हिरवळीखाली झाकलेला. इथे तो उघडा आहे.

मला मात्र त्या उघडेपणाची भीती वाटली. आमच्या घाटात प्रत्येक वळणावर कुणीतरी कणसं भाजत बसलेलं असतं. इथे तासभर माणूस नाही. टायरचा आवाज तेवढा. मी दर दोन मिनिटांनी मागे पाहत होते, मागे काय असणार होतं कोण जाणे. एका मेंढवाड्याजवळ तीन कुत्री धावून आली. मी उतरून दगड उचलला आणि ओरडत उभी राहिले. कुत्री माझ्याकडे पाहून थांबली, वन्सं हसून हसून वाकल्या. म्हणाल्या, वहिनी, त्यांनीही तुमच्याशी भाव करायचा विचार सोडला.

कंधारला किल्ल्याच्या खंदकात अजून पाणी आहे. हिरवंगार, न हलणारं. वन्सं आत जाऊन दोन तास हिंडल्या, मी खंदकाच्या काठावर सायकली राखत बसले. बाजूच्या हॉटेलात सुशीला नावाचा पदार्थ मिळाला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात, वर दाण्याचं कूट आणि मिरची. आम्ही चुरमुऱ्याची भेळ करतो, त्यांना शिजवायचं आमच्या डोक्यात येत नाही. चांगला लागतो. हॉटेलवाल्या बाईने आम्हाला निरखून विचारलं, मायलेकी का. आम्ही एकाच वयाच्या आहोत. आई कोण, हे मी विचारलं नाही.

कंधार ते मुखेड

दुसरा दिवस चढ-उताराचा. चढ मला चालतो, उताराची भीती वाटते. माझे हात ब्रेकवर इतके आवळलेले असतात की खाली पोचल्यावर बोटं उघडत नाहीत. एका उतारावर बाभळीचा काटा लागून पुढचं चाक बसलं आणि मी शेताच्या बांधावर जाऊन पडले. काही झालं नाही, कोपर खरचटलं. तुरीच्या रानातून एक म्हातारं जोडपं आलं, पाणी दिलं, भाकरी आणि शेंगांची चटणी दिली, आणि चाक काढेपर्यंत बाजूला बसून राहिलं. म्हाताऱ्याने विचारलं, गाडी असून सायकलवर का? वन्सं म्हणाल्या, हौस. तो विचार करून म्हणाला, "हौस म्हंजे लई वाईट." मग आपल्याच बोलण्यावर हसला.

संध्याकाळी मुखेडच्या स्टँडजवळ चहा घेताना बालाजी भेटला. तिशीतला, काळी-पिवळी चालवणारा. आमच्याकडे त्या गाडीला वडाप म्हणतात. त्याने सायकली पाहिल्या, उद्या कुठे म्हणून विचारलं. मी जळकोट सांगून फोनमधला रस्ता दाखवला. तो चहा घेता घेता थांबला.

"मावशी, ह्या वरच्या रस्त्यानं नका जाऊ. उद्या कामाचा दिवस हाय. सायकली टपावर टाका, म्या खालून सोडतो."

हे वाक्य मी आता शंभरदा मनात ऐकलं आहे. त्यात सगळं होतं. पण त्या वेळी मला फक्त शेवटचा भाग ऐकू आला, कारण माझं आयुष्य असल्या वाक्यांना ओळखण्यात गेलं आहे. पाऊस येणार आहे, भाव पडणार आहे, आत्ताच देऊन टाका. मी त्याला म्हटलं, "आधी भीती घालायची, मग दर सांगायचा. हे दुकान मी रोज बघते."

"दर म्या सांगितलाच न्हाई अजून," तो म्हणाला.

"सांगशील की."

त्याचा चेहरा उतरला. वन्संनी माझा दंड धरला, पण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही. आणखी दोन वाक्यं ऐकवली. तो उठला, गाडीत बसला, इंजिन सुरू केलं आणि काचेतून म्हणाला, "बरं. जावा. पर खडखड थांबली तर तुमीबी थांबा." आणि गेला. वन्संनी विचारलं, काय म्हणाला तो? मी म्हटलं, जाताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

मुखेड ते जळकोट

खाणीच्या जवळच्या वाडीचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका बाईला तिथेच राहायचं आहे.

पुस्तिकेत या दिवसाबद्दल लिहिलं होतं, 'संपूर्ण निर्मनुष्य रस्ता. पक्ष्यांशिवाय सोबत नाही.' सकाळी सात-आठ किलोमीटर तसंच होतं. मग डोंगराच्या आडून खडखड ऐकू यायला लागली, लोखंडी डब्यात दगड घुसळल्यासारखी. खडी फोडायचं मशीन. तुरीच्या पानांवर पांढरी भुकटी बसलेली, पिठाच्या गिरणीत असते तशी. घशात दगडाची चव आली. एका मोरीवर आम्ही थांबून तोंडाला ओढण्या बांधल्या. वन्सं कंटाळल्या होत्या. एवढ्या लांब येऊन हाच आवाज ऐकायचा का, म्हणाल्या.

सूर्य माथ्यावर यायच्या सुमाराला खडखड थांबली.

एकदम थांबली, बटण दाबल्यासारखी. वन्संनी पाय टेकवले, ओढणी खाली केली आणि चेहरा वर करून म्हणाल्या, "आता खरा आपला रस्ता आला, वहिनी."

बालाजीचं वाक्य मला त्या क्षणी आठवलं असं मी म्हणू शकत नाही. वन्संनी पायडल मारलं होतं. त्या खुशीत असल्या की जोरात जातात, आणि मी त्यांच्यामागे. रस्ता डोंगराला वळसा घालून खाणीच्या पुढून जात होता. मी आजूबाजूला पाहिलं तेव्हा पक्षी नव्हते. एका दगडावर कुणाचा तरी डबा उघडा पडला होता, त्यात भाकरी होती, माणूस नव्हता. आणि वर टेकाडावर एक बाई उभी राहून लाल पदर दोन्ही हातांनी हलवत होती. काहीतरी ओरडत होती, वाऱ्याने ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, काही मागत असेल. वन्संना वाटलं, बाई सायकलवर बघून खूश झाली. त्यांनी हँडलवरचा एक हात काढून तिला हलवून दाखवला आणि वळणाआड गेल्या.

आवाज नंतर आला. आधी सायकल माझ्या हातातून उडाली. जमीनच खालून वर आली आणि मी डांबरावर उताणी पडले होते. वर आकाशात काळे ठिपके दिसले, कावळ्यांचा थवा उठावा तसे. मग ते ठिपके खाली यायला लागले. एक दगड माझ्यापासून दोन हातांवर पडला आणि रस्त्यात रुतला. त्याच्यातून धूर येत होता.

कुणीतरी माझी वेणी धरून ओढलं. ती टेकाडावरची बाई होती. इतक्या लवकर ती खाली कशी आली हे मला अजून कळलेलं नाही. तिने मला फरफटत मागे नेलं आणि रस्त्याखालच्या मोरीत ढकललं. मोरी कोरडी होती. आत चार शेळ्या आधीच येऊन बसल्या होत्या.

"अजून सहा हायेत," ती म्हणाली. "सात भरलेत. हालू नका."

मी म्हटलं, माझी नणंद पुढे आहे. ती म्हणाली, बघितलं म्या. दुसरा बार उडाला तेव्हा मोरीच्या छतातून माती गळून आमच्या डोक्यावर पडली. मी उठायला गेले, तर तिने माझ्या पोटावर गुडघा दिला.

"तुमी गेल्या तर दोघी बी जाताल."

इथे तिला सुभद्राबाई म्हणते, नाव बदललं आहे. खरं नाव मला नंतर कळलं. सात हा आकडा तिला कसा ठाऊक, ते मात्र तिथेच, तिसऱ्या आणि चौथ्या बारामधे कळलं, कारण ती सारखी बोलत होती, मला धरून ठेवायला बोलत होती. खडकात भोक पाडायचं मशीन सकाळी लागतं. दर भोकाला ते एकदा सुरू होतं, एकदा बंद. वाडीतल्या बाया भाकरी थापताना कान तिकडे ठेवतात आणि मोजतात. दुपारी खडखड बंद झाली की सगळ्या घरात जातात, शेळ्या आत घेतात, आणि जेवढी भोकं मोजली तेवढे आवाज होईपर्यंत कुणी उंबरा ओलांडत नाही. लेकरांनाही मोजायला शिकवलं आहे. घड्याळ चुकतं, साहेब लोक वेळ बदलतात, पण मोजलेलं चुकत नाही, असं ती म्हणाली.

चार. मी तिचा हात धरला होता, की तिने माझा, ठाऊक नाही. पाच. हा सगळ्यांत जवळचा होता, शेळ्या एकमेकींवर चढल्या. दोन बारांमधे कधी दहा अंक म्हणून व्हायचे, कधी तीस. त्या मधल्या शांततेत मी वन्संचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते आणि ऐकू आला तर काय असेल याची भीती वाटत होती. सहा.

मग काही नाही.

शंभरपर्यंत मोजलं. सुभद्राबाईही ओठांनी मोजत होती. तिचा चेहरा पहिल्यांदा बदललेला मी पाहिला. म्हणाली, सहाच झाले. मी म्हटलं, मग संपलं असेल. ती म्हणाली, सात हायेत, म्या मोजलंय.

तेवढ्यात वळणावरून वन्सं चालत आल्या. सायकलचं पुढचं चाक वाकलेलं, वन्सं ती एका हाताने ओढत होत्या. उजव्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. आम्ही दोघी मोरीच्या तोंडातून बेंबीच्या देठापासून ओरडलो, पळा म्हणून, खाली झोपा म्हणून. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या इतक्या सावकाश येत होत्या की मला वाटलं त्या मुद्दाम करताहेत. खाणीच्या तोंडासमोर त्यांची पाण्याची बाटली पडली. त्या थांबल्या, सायकल नीट उभी करायचा प्रयत्न केला, ती पडली, मग वाकून बाटली उचलली आणि तिच्यावरची धूळ पुसली.

मी गेले नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. आता मला कुणी धरलेलं नव्हतं, वाट मोकळी होती. भर बाजारात चार हमालांच्या अंगावर जाणारी बाई मी. त्या मोरीत शेळीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

गेली ती सुभद्राबाई. पदर खोचला आणि पळत गेली. वन्संचं मनगट धरलं, सायकल तिथेच टाकायला लावली आणि त्यांना ओढत आणलं. मग आम्ही तिघी आणि चार शेळ्या त्या मोरीत बसलो. वन्सं माझ्याकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तसं, "वहिनी, तुम्हाला लागलं नाही ना?"

सातवा बार झाला नाही.

सावली मोरीच्या तोंडाशी आली तेव्हा पलीकडून शिट्टी ऐकू आली आणि खाणीचा मुकादम मोटरसायकलवर आला. मागच्या बाजूला लाल फडकं बांधलेलं. आम्हाला पाहून तो आधी घाबरला, मग त्याला राग आला. तुम्ही आलात कुठून, विचारलंत कुणाला, असं सुरू केलं. माझा आवाज परत आला होता. पलीकडच्या बाजूला झेंडेवाला उभा असतो, हे सुभद्राबाईने मोरीत सांगितलं होतं. मी विचारलं, पलीकडे झेंडा घेऊन माणूस उभा केलास, या बाजूला का नाही?

"इकडून कुणी येतच न्हाई," तो म्हणाला.

सुभद्राबाई शेळ्यांना बाहेर काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मग म्या कोण हाय?"

तो हसला. तू रोजचीच, म्हणाला, तुला ठाऊक असतं. मग तिने त्याला सातव्या बाराचं विचारलं. तो म्हणाला, सहाच भरले होते. ती म्हणाली, सात. तो म्हणाला, बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं, जा शेळ्या हाक. मी म्हटलं, चल, आत्ता मला ते सातवं भोक दाखव. त्याने माझ्याकडे पाहिलं, फडकं सोडून खिशात घातलं आणि मोटरसायकल वळवली. तो खाणीसमोरून गेला नाही. आला होता तोच लांबचा फेरा घेऊन गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सुभद्राबाईचा नवरा दिवाळीपर्यंत या बाजूचा झेंडेवाला होता. त्याला काढलं. तेव्हापासून बार असला की ती टेकाडावर उभी राहून पदर हलवते. तिला कुणी सांगितलेलं नाही आणि त्याचं कुणी काही देत नाही. वन्संनी ज्याला हात हलवून उत्तर दिलं, तो झेंडा होता.

उदगीर

वाडीतल्या ट्रॅक्टरवाल्याने रस्त्यात पडलेल्या सायकली उचलून आम्हाला जळकोटला सोडलं आणि तिथून गाडीने आम्ही उदगीरला आलो. डॉक्टरांनी वन्संचा कान तपासला. पडदा फाटला आहे, म्हणाले. बहुतेक वेळा भरून येतो, कधी येत नाही. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, जोरात शिंकरायचं नाही. आणि थांबून विचारलं, एवढ्या जवळ गेलात कशाला?

आम्ही जिथे उतरलो ती खानावळ एका लिंगायत कुटुंबाची. कपाळावर भस्माचे पट्टे असलेले मालक गल्ल्यावर आणि आत त्यांची आई, जिला सगळे अव्वा म्हणत. अव्वा मराठीत सुरू करायची आणि कानडीत संपवायची. वन्संच्या कानाला बांधलेली पट्टी पाहून तिने काही विचारलं नाही. गरम ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, लसणाची चटणी समोर ठेवली आणि वन्संच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे त्यांना ऐकू यावं. आमच्याकडे पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग पाणी. तिथे मला जेवण संपेपर्यंत कुणी माझं नावही विचारलं नाही. मी त्या ताटावर रडले. वन्संना वाटलं, चटणी लागली.

जेवणानंतर मी पुण्याला फोन केला. तो सहलवाला आधी घाबरला, मग हुशार झाला. आपण स्वतः त्या रस्त्यावरून गेलो आहोत, म्हणाला, एक पान हलत नव्हतं. मी वार विचारला. रविवार. रविवारी खाण बंद असते, हे मला वाडीत कळलं होतं आणि त्याला माझ्याकडून कळलं. आणि मग तो म्हणाला, "ताई, वाटाड्या नको हे तुमचंच होतं."

फोन मी ठेवला.

लातूर

शेवटचे दोन दिवस आम्ही चालवलेच नाहीत. सायकली एसटीच्या टपावर टाकल्या, वाकलेल्या चाकासकट, आणि शिरूर अनंतपाळवरून लातूरला निघालो. खिडकीतून ते सपाट माथ्याचे डोंगर दिसत होते. मला ते आता नुसते डोंगर दिसत नव्हते. जिथे कडा तुटलेला दिसे तिथे मी मोजायला लागे. शिरूरजवळ एका ट्रकचा टायर फुटला आणि मी सीटखाली बसले. बसमधले लोक पाहायला लागले. वन्संना तो आवाज ऐकूच आला नाही, त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांना झोपलेलं पाहून मला आणखी भीती वाटली. श्वास चालू आहे का, हे मी तीनदा पाहिलं.

आता महिना होऊन गेला. पडदा भरतो आहे, डॉक्टर म्हणतात. वन्सं सायकलवर परत बसल्या आहेत. मला म्हणतात, वहिनी, भांडायचं असेल तर डाव्या बाजूने या. मी अजून बसलेले नाही. गाळ्यावर कुणी पोतं जोरात आपटलं तरी माझा हात गळ्याशी जातो. मुखेडच्या बालाजीचा नंबर माझ्याकडे नाही. हे त्याच्यापर्यंत पोचलं तर त्याने समजावं, त्याचं खरं होतं आणि मी उर्मट बोलले. वाटाड्या काढून टाकला तो मीच. त्याचा दोष मी माझ्या पदरात घेते, कुणावर ढकलत नाही.

पण गेल्या आठवड्यात मी त्या सहलवाल्याला पुन्हा फोन केला, वेगळ्या नंबरवरून, गिऱ्हाईक म्हणून. रस्ता तोच. पुस्तिकाही तीच, संपूर्ण निर्मनुष्य. खाणीचं मीच काढलं, तर तो म्हणाला, काळजी नको, आम्ही आता फक्त रविवारीच नेतो. त्याच्या हिशोबाने प्रश्न मिटला आहे. न उडालेला सुरुंग रविवार पाळत नाही, हे त्याच्या डोक्यात येत नाही. मुकादम म्हणतो सहा भरले. सुभद्राबाई म्हणते सात. मला विचाराल तर मी त्या बाईच्या मोजणीवर जीव ठेवून बसले होते, आणि पहिले सहा तिने अचूक मोजले.

ती अजून त्याच रस्त्याने शेळ्या नेते. तिला दुसरा रस्ता नाही. तिची वाडी त्याच रस्त्यावर आहे.

म्हणून मला माझं काही परत नको. खाणीच्या मालकाने, त्याच्या मुकादमाने आणि त्या पुण्याच्या माणसाने मला एवढंच सांगावं. त्या दुपारनंतर खडकातलं ते सातवं भोक कुणी जाऊन पाहिलं? पाहिलं असेल, तर त्या माणसाचं नाव सांगा. पाहिलं नसेल, तर तुमच्या तिघांपैकी कोण आधी जाणार, त्याचं नाव सांगा.